दरपत्रक कोणाच्या हातीं?

परकीय यंत्र घरांत आलें म्हणजे घर परकीय होतें असें नाहीं. आणि यंत्र स्वदेशी असलें म्हणजे घरधनी स्वतंत्र झाला असेंही नाहीं. खरा प्रश्न निराळाच आहे. तें यंत्र वापरण्याचे नियम कोण ठरवितो, त्याचे दर कोण लिहितो, आणि ते दर अन्यायाचे वाटले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा तो प्रश्न होय. हल्लीं गूगल, ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट व ॲपल या अमेरिकन कंपन्यांच्या सामर्थ्याविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा चालते. ती वाचून कित्येकांस वाटतें कीं, हा विषय दिल्लीच्या मंत्र्यांचा व मुंबईच्या शेटसावकारांचा. खर्डीसारख्या लहानशा गांवाचा त्याच्याशीं संबंध काय? प्रस्तुत लेखकास याच्या अगदीं उलट वाटतें. परकीय यंत्रविद्येची बलाढ्य कंपनी काय देते व काय घेते याचा अनुभव ठाणें जिल्ह्याच्या या कोपऱ्याइतका जुना देशांत फारच थोड्या ठिकाणीं असेल. तो अनुभव आगगाडीचा.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, जिला आपले आजेपणजे नुसतें ‘जी. आय. पी.’ म्हणत, ही कंपनी १८४९ सालीं विलायतेंत पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाली. तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आली. १८५४ सालीं रूळ कल्याणास पोंचले, १८६१ सालीं कसाऱ्यास, आणि १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरीस. म्हणजे खर्डीच्या रानांत इंजिनाची शिटी घुमूं लागली त्याला दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. आगगाडी यावी म्हणून ज्यांनीं मुंबईंत खटपट केली त्यांत जगन्नाथ शंकरशेट हे प्रमुख होते, आणि त्यांचें घराणें मूळचें आपल्या शेजारच्या मुरबाडचें. तेव्हां आपल्या मुलुखानें परकीय यंत्राला दार लावून घेतलें नाहीं. उलट या मुलुखाशीं नातें असलेल्या एका थोर पुरुषानें त्याला हात धरून आणलें. त्यांनीं केलें तें योग्यच केलें. आगगाडी नसती तर खर्डीचा विद्यार्थी आज कल्याणच्या कॉलेजांत सकाळीं जाऊन संध्याकाळीं घरीं परतूं शकला नसता.

परंतु करार काय होता तो पहा. कंपनीच्या भांडवलावर दरसाल शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें दिली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या करांतून, भरून निघे. भागीदार विलायतेंत, मुख्य संचालक विलायतेंत, आणि इंजिनेंही बहुतेक विलायतेंतूनच येत. बंदराकडे जाणारा कच्चा माल व बंदराहून येणारा पक्का माल यांस सवलतीचे दर, आणि देशांतल्या देशांत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणाऱ्या मालास मात्र चढे दर, अशी तक्रार आपले व्यापारी व कारखानदार वर्षानुवर्षें करीत होते. १९१६ ते १९१८ या काळांतल्या औद्योगिक कमिशनलाही तिचा विचार करावा लागला. रूळ एकच, गाडी एकच; परंतु दरपत्रकाच्या एका ओळीनें कोणता धंदा जगेल व कोणता बुडेल हें ठरत असे. पुढें १९२०-२१ सालीं ॲक्वर्थ कमिटीची चौकशी झाली, आणि १९२५ सालीं जी. आय. पी. सरकारच्या ताब्यांत आली. पहिल्या गाडीपासून तोंवर ७२ वर्षें गेलीं होतीं. इंजिनें बांधण्याचा चित्तरंजन येथील मोठा सरकारी कारखाना तर १९५० सालीं सुरू झाला. यांतून निघणारा धडा दुहेरी आहे. यंत्र नाकारणारा मागें पडतो. आणि यंत्र घेऊन अटी वाचावयास विसरणारा दोन-तीन पिढ्या त्याचे दाम भरीत राहतो.

आतां आजच्या कंपन्यांकडे वळूं. जी. आय. पी.च्या हातीं केवळ वाहतुकीची सत्ता होती. आजच्या कंपन्यांच्या हातीं तीन सत्ता एकवटल्या आहेत. पहिली सत्ता जकातीची. मोबाइलवरील ॲपमधून एखादा खेळ, एखादी शिकवणी किंवा तसलाच डिजिटल माल विकावयाचा म्हटलें तर बहुधा गूगलच्या अथवा ॲपलच्या दुकानाच्या दारांतूनच जावें लागतें, आणि त्या विक्रीवर शेंकडा १५ ते ३० पर्यंत दलाली या कंपन्या मागत आल्या आहेत. दुसरी सत्ता क्रम लावण्याची. बाजारांत शंभर दुकानें असलीं तरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें पहिलीं चार-पांचच येतात, आणि तीं कोणतीं असावीं हें बाजाराचा मालक ठरवितो. तिसरी सत्ता सर्वांत सूक्ष्म, आणि म्हणूनच सर्वांत मोठी. ती दुसऱ्यांच्या चोपड्या वाचण्याची. कोणता माल कोठें, कोणत्या महिन्यांत, कोणत्या भावानें खपतो हें बाजाराच्या मालकाला रोजच्या रोज कळतें. दुकानदाराला मात्र फक्त आपल्यापुरतें कळतें. जो रस्त्याचा धनी तोच रस्त्यावरचा दुकानदार, आणि तोच सर्वांच्या चोपड्या वाचणारा, असा योग जुळून आला कीं चढाओढ नांवापुरतीच उरते.

ही केवळ कल्पनेंतली भीति नव्हे. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठेस स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकांस विकतां येत नाहीं. तथापि कांहीं ठराविक विक्रेत्यांनाच तेथें झुकतें माप मिळतें, अशी तक्रार दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या संघानें केली, आणि जानेवारी २०२० मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा हुकूम दिला. फ्लिपकार्ट ही मूळची बंगळूरची कंपनी. परंतु २०१८ सालीं अमेरिकेच्या वॉलमार्टनें तिचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरांस विकत घेतला. या बाजाराचें गोदाम आपल्या उंबरठ्याशींच आहे. मागांच्या खडखडाटासाठीं प्रसिद्ध असलेली भिवंडी आज देशांतील मोठ्या गोदामांचेंही केंद्र झाली आहे, आणि आपल्याकडचे तरुण तेथें माल उचलावयास, बांधावयास व पोंचवावयास जातात. त्या कामांत कमीपणा कांहींच नाहीं. घामाचा पैसा तो. परंतु माल दुसऱ्याचा, बाजार दुसऱ्याचा, हिशेब दुसऱ्याचा आणि आपली फक्त पाठ, या स्थितीवर एखाद्या तालुक्यानें समाधान मानावें काय?

कोणी म्हणेल, या कंपन्यांनीं आपलें कल्याणच केलें आहे. खर्डीच्या मुलाला हवें तें पुस्तक आतां घरपोंच मिळतें. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज हातांतल्या हातांत दिसतो. परगांवीं असलेल्या लेकीचें तोंड आईला रोज पाहावयास सांपडतें. हें सर्व खरें आहे, आणि जो हें नाकारील त्याचें म्हणणें कोणी ऐकूनही घेणार नाहीं. परंतु हा उपकार नव्हे, हा सौदा आहे. आणि सौदा म्हटला कीं भाव करण्याचा हक्क दोन्ही पक्षांस असतो. बाजारांत आपण कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करतों, आणि ज्या बाजारांत आपली मिळकत व आपली माहिती दोन्हीं जातात तेथें मात्र मुकाट्यानें ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकवितों.

दुसरे कोणी याच्या उलट टोंकाला जातात. परकीय तें सर्व हांकलून द्या, म्हणजे स्वदेशी आपोआप फोफावेल, असें त्यांचें म्हणणें. याचीही परीक्षा होऊन चुकली आहे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉक धरून ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्या बंदीचीं राजकीय कारणें कांहींही असोत. बाजारांत काय झालें एवढेंच येथें पाहूं. देशी ॲपें पुष्कळ निघालीं. परंतु मोकळ्या झालेल्या जागेचा मोठा भाग मेटाच्या रील्सनें व गूगलच्या यूट्यूब शॉर्ट्सनें बळकावला. त्याच सालीं बंगळुरास ‘कू’ नांवाचें ॲप निघालें होतें, त्यांत मराठींतही लिहितां येई, आणि मोठमोठ्या मंत्र्यांनीं त्याचा पुरस्कार केला होता. तें जुलै २०२४ मध्यें बंद पडलें. दार लावल्यानें पाहुणा बाहेर राहतो, परंतु चूल पेटत नाहीं. स्वदेशीचा अभिमान हें भांडवल नव्हे. कौशल्य, पैसा व चिकाटी हें भांडवल होय.

तरीही परावलंबनाचा धोका कमी लेखूं नये. मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीचा कारखाना गुजराथेंत वाडीनार येथें आहे, आणि तिच्या भांडवलांत रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्यें युरोपीय संघानें तिच्यावर निर्बंध घातले, आणि लागलीच मायक्रोसॉफ्टनें तिचें ई-पत्रव्यवहाराचें व कागदपत्रांचें काम एकाएकीं बंद पाडलें. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकन कंपनीची, कारखाना आपल्या भूमीवरचा. आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यानें तसें करण्यास सांगितलें नव्हतें. नायरानें दिल्लीच्या उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि थोड्याच दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जर वकील उभा करावा लागला, तर ज्याचें सारें दुकान एका मोबाइलांत सांठलें आहे त्या लहान माणसानें कोणाच्या दारीं जावें?

मग मार्ग कोणता? प्रस्तुत लेखकाच्या मतें तो तीन गोष्टींचा आहे: रस्ता सार्वजनिक असावा, नियम आधीं लिहिलेले असावे, आणि कसब आपलें असावें. पहिल्या गोष्टीचें उत्तम उदाहरण म्हणजे यूपीआय. २००८ सालीं स्थापन झालेल्या व मुंबईंत मुख्य ठाणें असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें एप्रिल २०१६ मध्यें ही पद्धति जाहीर केली. बँक कोणतीही असो, ॲप कोणतेंही असो, पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जावेत असा हा सर्वांसाठीं एकच बांधलेला रस्ता. ऑगस्ट २०२५ मध्यें या रस्त्यानें एका महिन्यांत २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्या आजीच्या टोपलीजवळ जो चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो, त्याच्यामागचा रस्ता कोणा परकीय कंपनीच्या मालकीचा नाहीं.

परंतु एवढ्यानें निश्चिंत होतां येत नाहीं. रस्ता आपला असला तरी त्यावरच्या शंभरांपैकीं ऐंशींहून अधिक व्यवहार फोनपे व गूगल पे या दोनच ॲपांतून होत आले आहेत. पहिल्याची बहुतांश मालकी वॉलमार्टकडे, दुसरें गूगलचें. कोणत्याही एका ॲपाकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्यें जाहीर झाला. त्याची मुदत प्रथम २०२४ अखेरपर्यंत, व पुढें ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत लांबविण्यांत आली. एकदां लोकांचा हात एका गाडीला लागला कीं नियमालाही थांबावें लागतें, हें यावरून दिसतें. म्हणून नियम आधीं हवेत. ऑक्टोबर २०२२ मध्यें स्पर्धा आयोगानें अँड्रॉइडच्या बाबतींत गूगलला १,३३७ कोटी ७६ लक्ष रुपयांचा दंड केला, व मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तो कायम केला. हें चांगलेंच झालें. परंतु ज्या लहान उद्योगांचें नुकसान व्हावयाचें तें दंड होईपर्यंत होऊन गेलेलें असतें. युरोपांत अशा प्रचंड कंपन्यांनीं काय करूं नये हें आधींच सांगणारा कायदा झाला असून, त्याचीं बंधनें मार्च २०२४ पासून त्यांस लागू झालीं. आपल्याकडेही त्याच महिन्यांत डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. अशा कायद्याची मागणी केवळ शहरांतील उद्योजकांनींच करावी असें नाहीं. ती ग्रामपंचायतींतूनही उठावी.

तिसरी गोष्ट कसबाची, आणि ती सर्वांत कठीण. विलायती यंत्रांचा सर्वत्र दबदबा असतां लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९०३ सालीं लोखंडी नांगर बनविला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील एका ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तो माळ कांहीं मुंबईच्या जवळ नव्हता. पुढें अमेरिकेनें अधिक शक्तिमान महासंगणक देण्याचें नाकारलें, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक संस्था निघाली, व डॉ. विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. भटकरांचा जन्म अकोला जिल्ह्यांतील एका खेड्यांतला. आजही झोहो ही देशी कंपनी तमिळनाडूंत तेन्काशीजवळच्या खेड्यांतून जगभर चालणारें सॉफ्टवेअर तयार करते, आणि पदवी नसलेल्या तरुणांस शाळा काढून शिकवून कामावर घेते. तेन्काशी चेन्नईपासून जितकी दूर, त्याच्या मानानें खर्डी मुंबईच्या अंगणांतच आहे.

येथें आपल्या तालुक्याविषयीं एक कटु गोष्ट बोलणें प्राप्त आहे. तानसा तलाव १८९२ सालीं बांधून झाला. पुढें भातसा धरण झालें, आणि आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वांटा भातसाचा आहे. मोठमोठे नळ आपल्या शिवारांतून महानगराकडे जातात, आणि शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बाया-बापड्या टँकरची वाट पाहत बसतात. आगगाडी आपल्यांतून गेली, पाणी आपल्यांतून गेलें, आणि आतां आपली माहितीही आपल्यांतून जात आहे. कोणत्या पाड्यावर काय पिकतें, कोण काय विकत घेतो, कोणता मुलगा काय वाचतो, हें सर्व दूरच्या यंत्रांत सांठत आहे. ज्या मुलुखांतून सर्व कांहीं नुसतें जातें त्याची भरभराट होत नाहीं. जेथें त्यावर कांहीं काम होतें, जेथें त्याला कांहीं अट घातली जाते, तेथेंच भरभराट होते.

शेजारच्या वाडा तालुक्याचें उदाहरण घ्या. ‘वाडा कोलम’ या तांदुळाला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आतां तें नांव ही त्या भागांतील शेतकऱ्यांची सामायिक मिळकत झाली आहे. ऑनलाइन बाजारांतल्या पहिल्या रांगेंत कोण बसावें हें कंपनी ठरवील. परंतु वाडा कोलम कशाला म्हणावें हें ती ठरवूं शकत नाहीं. आपल्या भागांतील भात, भाजी, रानमेवा व हस्तकौशल्य यांविषयीं असेंच कांहीं करतां येईल. आणि त्याहूनही सोपी एक गोष्ट आजच करतां येण्यासारखी आहे. जो शेतकरी वा दुकानदार ॲपावरून माल विकतो, त्यानें आपल्या गिऱ्हाइकांचीं नांवें त्यांच्या संमतीनें स्वतःच्या वहींतही उतरून ठेवावीं. ज्याची वही त्याच्याजवळ आहे तो उद्यां एक बाजार सोडून दुसऱ्या बाजारांत जाऊं शकतो. ज्याची वही कंपनीजवळ आहे त्याला ती म्हणेल तो दर देणें भाग पडतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं बहुतेकांच्या घरीं मोबाइल आहे, आणि तो चालविण्यांत तुम्ही वडील मंडळींहून तरबेज आहां. परंतु आगगाडींत बसतां येणें आणि इंजिन बांधतां येणें यांत जेवढें अंतर आहे, तेवढेंच मोबाइल चालविणें व त्यासाठीं एखादी उपयुक्त आज्ञावलि लिहिणें यांतही आहे. गणित नीट करा. इंग्रजी शिका, पण मराठी शुद्ध लिहा. शाळेंतल्या संगणकावर खेळ खेळण्यापेक्षां एखादा लहानसा हिशेबाचा कार्यक्रम स्वतः रचून पहा. घरांतील कोणी नव्या ॲपाला ‘मान्य’ म्हणण्यापूर्वीं अटी वाचून त्यांचा अर्थ त्यांना मराठींत सांगा. गांवांतल्या शेतकरी गटाचा, बचत गटाचा हिशेब मांडून द्या. हीं कामें लहान दिसतात. परंतु जो तालुका आपला हिशेब स्वतः मांडूं शकतो, त्याच्याशींच मोठ्या कंपन्या बरोबरीच्या नात्यानें बोलतात.

हें काम मोठ्या शहरांतील शहाणे लोक आपल्यासाठीं करतील अशी आशा धरून बसण्यांत अर्थ नाहीं. आगगाडीच्या बाबतींत आपण ती वाट ७२ वर्षें पाहिली.